आर्तोपोइओस आणि एक लाकडी बादली

पुण्यात परत आल्यापासून मला एकच प्रश्न पन्नास वेळा विचारला गेलाय. जपानात एवढी वर्षं होतीस, तर करायचीस काय? मी सांगते, पाव करायचे. समोरचा माणूस अगदी समजुतीनं विचारतो, म्हणजे छंद म्हणून का? माझ्या आत्यानं तर तोंडावरच ऐकवलं होतं, एम.एस्सी. होऊन शेवटी पाव भाजलेस! मी म्हटलं, आत्या, केमिस्ट्रीच ती, फक्त खाता येते. आत्याला काही पटलं नाही. तिच्या लेखी पाव ही सायकलवरून दारात येणारी वस्तू होती, शिकायची नव्हे.

खरं तर आत्याला दोष देण्यात अर्थ नाही. मलाही पावाची किंमत कळायला भूकंप व्हावा लागला.

२०११च्या मार्चमध्ये आम्ही टोकियोत होतो. आमचे हे एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामावर होते. आमच्या भागात पडझड अशी काही झाली नाही, पण तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत गेले, म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, तर पावाचं अख्खं कपाट रिकामं. नुसत्या किमतीच्या पट्ट्या उरलेल्या. लोक आरडाओरडा न करता त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत होते आणि निघून जात होते. घरी लेक टोस्टसाठी हटून बसलेली. शेगडी विजेची आणि वीज कधीही काही तासांसाठी जाणार, त्यामुळे पोळ्यांचाही नेम नाही. पाचव्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली दिसली. शेजारच्या बाईंनी, ज्यांच्याशी तोवर माझं मान लववण्यापलीकडे बोलणं नव्हतं, आपल्या पुड्यातले पावाचे तीन तुकडे आम्हा तिघांसाठी ठेवले होते. आईशप्पथ सांगते, त्या तीन तुकड्यांइतकं गोड मी काही खाल्लेलं नाही. खाताना रडू आलं आणि लेकीनं जपानीत विचारलं, आई, खारट लागतोय का?

त्यानंतर दोनेक महिन्यांत ह्यांच्या ऑफिसनं, सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून, काही लोकांना कोबेला हलवलं. आम्ही कोबेला आलो.

कोबे हे पावाचं गाव. बंदर असल्यामुळे गोरे लोक आले, त्यांच्याबरोबर भट्ट्या आल्या, आणि भट्ट्या राहिल्या. तिथे पत्ता सांगतानाही डावं-उजवं नाही सांगत, डोंगराकडचा रस्ता की समुद्राकडचा एवढंच सांगतात. आमचं घर डोंगराकडे आणि चढावर एक छोटी बेकरी. तिथून सकाळी जो वास यायचा, त्यानं मी रोज लेकीला शाळेत सोडून येताना काचेपुढे उभी राहायची. एक दिवस काचेवर चिठ्ठी दिसली, 'पार्ट हवेत'. पार्ट म्हणजे अर्धवेळ काम करणाऱ्या बायका. माझं जपानी तेव्हा दिव्यच होतं, पण आत शिरले.

दुकानाचे मालक सत्तरीला टेकलेले, वाळक्या अंगाचे. त्यांना सगळे तेन्चो-सान म्हणत, म्हणजे दुकानप्रमुख. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. सकाळी पाचला येऊ शकाल का? आणि हा गोळा मळून दाखवाल का? मी बाह्या सरसावल्या आणि पोळ्यांची कणीक मळते तशी मळली. तेन्चो-सान माझ्या हातांकडे बघत राहिले. किती वर्षं करताय हे, त्यांनी विचारलं. म्हटलं, वीस वर्षं, रोज दोन वेळा. ते म्हणाले, मग मला शिकवण्यासारखं फार नाही.

ही त्यांची सभ्यता. शिकवण्यासारखं डोंगराएवढं होतं. पोळीची कणीक तिंबली की ती आपल्या ताब्यात असते. पावाचं पीठ मात्र मळून झाल्यावर स्वतःच्या मर्जीनं चालू लागतं. उकाड्यात धावतं, थंडीत रुसतं. ते फुगून तयार झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही. बोट पिठात बुडवून गोळ्यात खुपसायचं. खळी लगेच भरून आली तर अजून कच्चं. गोळाच बसला तर उशीर झाला. खळी तशीच राहिली तर भट्टीत. मग चौकोनी साच्यातला पाव भाजून निघाला की तो साचा दाणकन ओट्यावर आपटायचा. पहिल्यांदा मी दचकले होते. पण आतली वाफ अशी एकदम बाहेर पडली नाही तर पावाच्या कुशी आत खचतात. तेन्चो-सान एरवी कपही आवाज न करता ठेवणारे, पण साचा आपटताना हात आखडायचे नाहीत.

गिऱ्हाइकांच्याही एकेक तऱ्हा. टोकियोत लोक पातळ कापलेला पाव खातात, कोबेवाल्यांना जाडजूड लागतो, एका पावाचे पाच तुकडे. कोणी चुकून सहा मागितले की आमच्या मोरिता-सान, माझ्याआधीपासून तिथे पार्ट करणाऱ्या, तिखट जिभेच्या पण मनानं सोन्यासारख्या, हळूच म्हणायच्या, टोकियोवाला दिसतोय. एक आजोबा रोज पावाच्या फक्त कडा न्यायचे. जपानीत कडांना पावाचे कान म्हणतात. आजोबा पिशवी घेऊन गंभीरपणे विचारायचे, आज कान आहेत का? आणि मला दर वेळी हसू दाबावं लागायचं.

आणि होते सेन्सेई, म्हणजे गुरुजी. विद्यापीठातून निवृत्त झालेले, आयुष्यभर जुनं ग्रीक शिकवलेले. रोज सकाळी अर्धा पाव, जाड कापलेला. एकदा त्यांनी मला विचारलं, तुम्हीच करता का हा? मी घाईघाईनं मान हलवली. छे, मी फक्त पार्ट. बेकर तेन्चो-सान. सेन्सेई पाव हातात धरून तिथेच उभे राहिले, मागे रांग. म्हणाले, जुन्या ग्रीकमध्ये बेकरला आर्तोपोइओस म्हणत. आर्तोस म्हणजे पाव आणि पुढच्या भागाचा अर्थ करणारा. पाव करतो तो आर्तोपोइओस, बस्स. त्यात पार्टचा काही उल्लेख नाही. कवीसाठीचा त्यांचा शब्दही ह्याच धातूचा, म्हणजे कवीसुद्धा करणाराच, फक्त तो कविता करतो. एवढं बोलून त्यांनी सुटे पैसे मोजले आणि निघून गेले. मोरिता-साननी मला कोपर मारलं आणि विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, मी आणि कवी एकाच घराण्यातले आहोत. मोरिता-सान म्हणाल्या, मग कविता नंतर, आधी ते ट्रे पुसा.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायला मला आजही जड जातं.

आमच्या दुकानाचं नाव होतं ते तिथल्या आन्पानमुळे. आन्पान म्हणजे आत गोड पुरण भरलेला छोटा गोल पाव. पुरण लाल चवळीसारख्या कडधान्याचं. हा पाव बाजारच्या यीस्टवर फुगत नसे. त्यासाठी तेन्चो-सानांचं स्वतःचं विरजण होतं, तांदूळ आंबवून केलेलं. त्याला ते ताने म्हणत, म्हणजे बियाणं. रोज सकाळी ते मागच्या पडद्याआडून स्टीलच्या कुंड्यात ताने घेऊन यायचे, पिठात मिसळायचे आणि रिकामं कुंडं मला घासायला द्यायचे. पडद्याआड कोणी जायचं नाही आणि ताने दुकानाबाहेर न्यायचं नाही, हे मोरिता-साननी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आता कुंड्याला लागलेलं दोन-तीन चमचे ताने नळाखाली सोडायचं माझ्या जिवावर यायचं. अन्न ते, मोरीत कसं घालवायचं? मी मनातल्या मनात वाद घातला. दुकानाबाहेर न्यायचं नाही ते ताने, हे तर खरवड आहे. पुणेरी वकिली, दुसरं काय. जॅमच्या बाटलीत खरवडून ते घरी नेलं. जपानच्या थंडीत इडलीचं पीठ फुगवणं म्हणजे काय दिव्य असतं हे तिथल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. मी चमचाभर ताने पिठात घातलं आणि सकाळी पातेल्याचं झाकण वर उचललं गेलेलं! मग काय, कर्णोपकर्णी झालं. कोबेच्या जोशीवहिनी, ओसाकाची एक मैत्रीण, क्योतोत पीएच.डी. करणारी मुग्धा. जी घरी येईल ती वाटीभर घेऊन गेली. आपल्यात विरजण मागितलं तर नाही कोण म्हणतं?

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात तेन्चो-सानांच्या कमरेत उसण भरली. वरच्या मजल्यावर झोपून होते. वर्षअखेरीला जपानात घरं-दुकानं अगदी कानाकोपरा धुऊन काढायची रीत आहे, आपल्या दिवाळीसारखी. मोरिता-साननी पुढचा भाग घेतला, मी भट्टीकडचा. मला ह्या कामात हरवणारी बाई अजून जन्माला यायची आहे. सगळं चकाचक केल्यावर पडदा उरला. माझ्या मनात आलं, बिचारे आजारी, त्यांचा कोपरा तेवढाच घाण का राहावा? पडदा सारला. आत थंड कोनाड्यात एक जुनी लाकडी बादली, झाकण घातलेली. उघडली तर तळाशी आणि कडेला वाळून चिकटलेला करडा चुरा, आंबूस वास. मला वाटलं, आजारपणात विसरलेलं शिळं पीठ. आणि आमच्याकडे मळलेलं पीठ रात्रभरसुद्धा ठेवत नाहीत, इथे तर नवीन वर्ष उजाडायचं होतं. गरम पाणी, ब्रश, साबण. अर्धा तास घासली. खरवडलेला चुरा जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत घातला आणि वर्षाची शेवटची कचरागाडी त्याच दिवशी होती म्हणून धावत जाऊन ठेवूनही आले. कचऱ्याच्या नियमांत मी कधी चुकले नाही हो.

पाच जानेवारीला दुकान उघडलं. तेन्चो-सान कमरेला पट्टा बांधून जिना उतरले आणि पडद्याआड गेले. मग ते बाहेर आले. माझ्याकडे बघून थोडे वाकले.

"छान स्वच्छ झालीय," ते म्हणाले. "कष्ट पडले असतील तुम्हाला."

आणि रिकाम्या हातांनी बाजारच्या यीस्टचं पाकीट फोडायला लागले. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं.

मोरिता-सान मला पिठाच्या पोत्यांमागे घेऊन गेल्या आणि त्यांनी सांगितलं. दर सुट्टीआधी तेन्चो-सान तानेत कोरडं पीठ चोळून त्याचा चुरा करून बादलीत ठेवत. झोपवून ठेवत, असंच म्हणाल्या त्या. सुट्टी संपली की पाणी घालून जागं करायचं. उसण भरायच्या आदल्याच दिवशी त्यांनी ते केलं होतं. ती बादली त्यांच्या बायकोची. १९९५च्या कोबेच्या भूकंपात हे दुकान पडलं, तेव्हा ती बाई पुन्हा ढिगाऱ्यात शिरली होती आणि बाहेर आली ती ही बादली पोटाशी धरून. मग शाळेच्या मैदानात, पत्र्याच्या पिंपात लाकडं पेटवून, तिनं त्या तानेचे आन्पान भाजले आणि वस्तीला खाऊ घातले. तेव्हापासून दर सतरा जानेवारीला, भूकंपाच्या दिवशी, पहाटे दुकानापुढे आन्पान वाटले जात. बायको वारल्याला तीन वर्षं झाली होती. तिच्या हातचं म्हणून जे काही ह्या जगात उरलं होतं, ते मी साबणानं धुतलं होतं. सतरा तारखेला बारा दिवस राहिले होते.

मी तेन्चो-सानांसमोर जाऊन कमरेत वाकले आणि म्हटलं की उद्यापासून मी येत नाही. ते म्हणाले, उद्याचे पाव कोण मळणार? माझी कंबर अशी. यायला हवं तुम्ही. रागाचा एक शब्द नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रात्री जेवण तरी गेलं असतं.

आणि मग ताटावर बसल्या बसल्या आठवलं. इडल्या!

माझी स्वतःची बाटली संपली होती, कारण मी घरही तितक्याच निष्ठेनं धुतलं होतं. जोशीवहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं ते सगळं उडदाच्या पिठात घालून संपवलं, दुसरं देशील का? ओसाकाच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला फ्रिजमध्ये बाटली दिसली, नासलंय समजून त्यानं टाकलं. तिला काय बोलणार? त्यानं तेच केलं होतं जे मी केलं होतं. उरली मुग्धा. ही पोरगी बुरशी आणि यीस्ट ह्यांवरच संशोधन करणारी.

"आहे ना काकू," मुग्धा म्हणाली. "होस्टेलच्या फ्रिजमध्ये. लेबल लावून. बापटकाकू एक आणि बापटकाकू दोन. एकात मेथीदाणे गेलेत, दुसरं साधं तांदळावर ठेवलंय. दर आठवड्याला खायला घालते."

माझ्या नावाची लेबलं ऐकून मी फोनवरच हुंदके द्यायला लागले. तिला वाटलं भारतातून काही वाईट बातमी आली.

दुसऱ्या दिवशी काम संपवून ट्रेननं क्योतो गाठलं, पुढे बस. पोचेपर्यंत पाच वाजून गेले, हिवाळ्यात तिथे तेव्हा अंधार पडतो. मुग्धानं बाटली बाहेर काढली आणि हातातच धरून ठेवली. म्हणाली, काकू, दिवे लागल्यावर विरजण देऊ नये म्हणतात ना? आजी फार रागवायची. एवढी शिकलेली मुलगी! पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी म्हटलं, पुण्यात आत्ता दुपारचे दीड वाजलेत. तिनं लगेच बाटली माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी शांतपणे सल्ला दिला. उगाच कबुलीजबाब देत बसू नकोस, गुपचूप बादलीत टाक, फुगलं की म्हण, तळाशी थोडं राहिलं असेल. सल्ला वाईट नव्हता. रात्रभर मला तो पटतही होता. कारण खरं सांगायचं तर गुन्हे दोन होते, आणि कबूल एकच झाला होता. एक बादली धुतल्याचा, जो अजाणता झाला होता. आणि दुसरा, वर्षभर ताने बाहेर नेल्याचा, जो चांगला जाणूनबुजून केला होता. पहिल्यासाठी त्यांनी मला घालवलं नव्हतं. दुसऱ्यासाठी घालवलं असतं तर मला तोंड नव्हतं. पण ती बाई ढिगाऱ्यात शिरली होती, आणि तिचं बियाणं मी चोरून परत ठेवू? नाही जमलं.

सकाळी पाचला बाटली ओट्यावर ठेवली आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. कुंडं, खरवड, इडली, मुग्धा. इडली म्हणजे काय तेही सांगावं लागलं. तेन्चो-साननी झाकण उघडलं. वास घेतला. परत घेतला. करंगळीनं थोडं जिभेवर ठेवलं. चेहऱ्यावर काही दिसेना. मग बाटली तशीच दोन्ही हातांत धरून ते जिना चढायला लागले, कमरेचं दुखणं सांभाळत, एकेक पायरी. वरच्या खोलीत त्यांच्या बायकोचं छोटं देवघर होतं, जपानी घरांत गेलेल्या माणसाचं असतं तसं. थोड्या वेळानं त्या देवघरातल्या घंटेचा आवाज खाली आला. एकदाच. मोरिता-सान आणि मी ओट्यापाशी उभ्या होतो, आणि त्या तिखट जिभेच्या बाईनं माझा हात धरला.

तेन्चो-सान खाली आले तेव्हा डोळे लाल होते.

"ती पण अशीच वाटायची," ते म्हणाले. "शेजारीपाजारी, वाटेल त्याला. ती गेल्यावर मीच बंद केलं. संपेल अशी भीती वाटली."

मग म्हणाले, "तुम्ही केलंत ते बरं केलंत."

मग त्यांनी मला पडद्याआड नेलं. पहिल्यांदाच. बादली स्वच्छ पडली होती, निर्लज्जासारखी. त्यांनी मला भात किती, पाणी किती कोमट, कसं ढवळायचं ते दाखवलं आणि ढवळणी माझ्या हातात दिली. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बादलीभोवती माझी शाल गुंडाळली, तिच्याशी मराठीत बोलले, रागावलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी कडेला एक बुडबुडा आला. चौदा तारखेला तो वास आला, पिकल्या सफरचंदासारखा, आणि तेन्चो-सान पुरण शिजवायला बसले.

सतरा जानेवारीला कोबेत लोक पहाटे पाच वाजून शेहेचाळीस मिनिटांनी डोळे मिटून उभे राहतात. आमच्या दुकानापुढेही वीस-पंचवीस जण उभे होते. बांबूच्या नळकांड्यांत मेणबत्त्या. मी बाहेरची बाई, पण टोकियोच्या दाराच्या कडीला अडकवलेली ती पिशवी मला आठवत होती, आणि मी मनापासून मान खाली घातली. मग आम्ही आन्पान वाटले. अजून गरम होते. कान नेणारे आजोबा एक घास खाऊन थांबले. तेन्चो-सानांना म्हणाले, ह्या वर्षीही तुझ्या बायकोच्या हातची चव आहे. तेन्चो-सान म्हणाले, हात हिचा आहे. ही आमची बेकर.

पार्ट नाही म्हणाले. बेकर म्हणाले. मी ट्रे घेऊन आत पळाले, कारण बाहेर रडले असते.

सेन्सेई मागाहून आले. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा आन्पानचा कागद घडी घालत ते म्हणाले, त्या दिवशी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. बेकरसाठीचा ग्रीकांचा त्याहून जुना शब्द तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर सापडतो. आर्तोपोक्वोस, म्हणजे पाव भाजणारा. त्यातला पोक्वो तुमच्याच घरचा आहे. तुमच्या पक्व-शी, पाक-शी त्याचं रक्ताचं नातं आहे. पुढे ग्रीकांच्या जिभेनं त्याची अक्षरं उलटसुलट केली. मी म्हटलं, आमच्याकडेही नुकसानीचं नुस्कान होतंच. त्यांना फार आवडलं ते. मग म्हणाले, त्या पाट्या जपायच्या म्हणून लिहिलेल्याच नव्हत्या. ओल्या मातीवरच्या वर्षभराच्या याद्या, काम झालं की मोडायच्या. पण राजवाड्यांना आग लागली, सगळं जळलं, आणि त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या. म्हणून बेकर हा शब्द उरला. माझी पुस्तकं कोबेच्या भूकंपानंतरच्या आगीत गेली, सेन्सेई हसून म्हणाले. मातीवर लिहायला हवी होती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून दुकानाचा नियम बदलला. वर्षअखेरीला दुकान बंद होताना काम करणाऱ्या प्रत्येकीनं तानेची एक बाटली घरी न्यायचीच. मोरिता-सान कुरकुरायच्या की फ्रिजमध्ये जागा नाही, पण न्यायच्या. मुग्धाला दर महिन्याला एक पाव टपालानं जायचा, पाच तुकडे करून. वॉर्ड ऑफिसच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी पुढची सहा वर्षं 'बेकर' लिहिलं, आणि दर वेळी अक्षर थोडं मोठंच आलं.

एक खंत आहे. टोकियोच्या त्या शेजारणीला मी माझ्या हातचा पाव कधी देऊ शकले नाही. कोबेला निघायच्या गडबडीत तिचं नाव नीट लिहूनही घेतलं नव्हतं. तिचे ते तीन तुकडे माझ्याकडे राहिले ते राहिलेच.

कोबे सोडताना तेन्चो-साननी ताने वाळवून, कागदात बांधून, स्वतःच्या हातानं माझ्या पर्समध्ये ठेवलं. आता ते पुण्यात, माझ्या ओट्यावर, चिनी मातीच्या बरणीत आहे. त्याचे पाव होतात, थंडीत इडल्याही होतात. सोसायटीतल्या बायका वाटी घेऊन येतात. दिवे लागलेले असोत की नसोत, मी देते. फक्त एक सांगून ठेवते. संपवू नका, थोडं ठेवा आणि पुढे कोणाला तरी द्या. एखादे दिवशी मीच वाटी घेऊन तुमच्या दारात उभी असेन.